‘नको ना’मधला ‘ना’ काढायचा: मुलांना नकार आणि सुरक्षितता शिकवताना

मुलांना सुरक्षितता शिकवायची म्हटलं की बहुतेक घरांत एकच वाक्य निघतं: अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, त्याने दिलेलं चॉकलेट खायचं नाही. मुंबईत हे वाक्य दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. व्हॅनवाले काका, वॉचमन काका, क्लासचे सर, पार्सल घेऊन आलेला दादा, समोरच्या मावशी; मुलाच्या दिवसात येणाऱ्या प्रत्येकाला आपणच एक नातं चिकटवलेलं असतं. मुलाच्या हिशेबी अनोळखी असा कुणी उरतच नाही. आणि धोकाही बहुतेक वेळा ओळखीतूनच येतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गंभीर गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत.

म्हणून मुलाला माणूस नाही, वागणं ओळखायला शिकवायचं. तीन खुणा पुरतात: ‘नको’ म्हटल्यावर न थांबणारा, ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणारा, आणि मुलाला सारखं एकटं गाठायला बघणारा. तो काका असो, आतेभाऊ असो की शेजारची ताई. हे मुलींइतकंच मुलग्यांनाही शिकवायचं आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. ‘आमचा मुलगा आहे, त्याला काय होणार’ हे वाक्य तेवढं घरातून हद्दपार करा.

आधी शब्द

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना नाक, कान, गुडघा सांगतो तसंच छाती, योनी, शिश्न, गुदद्वार हेही सहज सांगून टाकावं. रोजच्या बोलण्यात ‘शूची जागा’ म्हटलं तरी चालतं, पण फक्त लाडाचं नाव ठेवू नका. ‘दादा माझ्या चिमणीला हात लावतो’ असं मुलीने बालवाडीच्या बाईंना सांगितलं तर बाई म्हणतील, अरे वा, तुमच्याकडे चिमणी आहे? तक्रार तिथेच संपली. ‘शेम शेम’ हा शब्द तर बंदच करा. ज्या जागेचं नाव घ्यायचीच लाज, त्या जागेबद्दल तक्रार कोण करणार?

नियम एका ओळीचा: चड्डी-बनियनच्या आतलं माझं, तिथे कुणी बघायचं नाही, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःचं मला दाखवायचं नाही. अपवादही लगेच सांगायचे, नाहीतर मूल आजीलाही शी धुऊ देणार नाही. आंघोळ घालणारी माणसं घरात ठरलेली असतात, त्यांची नावं घ्या. डॉक्टर तपासतात, पण आई-बाबा खोलीत असताना आणि ‘आता इथे हात लावतोय’ असं सांगून.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढ्यावर थांबू नका. अत्याचाराची सुरुवात पुष्कळदा लाडाने, गुदगुल्यांनी होते आणि मुलाला ते वाईट वाटतही नाही. मग ‘मला तर छान वाटलं, म्हणजे चूक माझीच’ असा हिशेब मूल मनाशी मांडतं. त्यापेक्षा वरचा नियम बरा. कसं वाटलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

घरातला सराव

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि अवघड ती मोठ्यांना. पाहुणे आले की ‘काकांना पापी दे’, मूल पडद्यामागे लपलं की ‘असं करतात का, काका रागावतील’. दर रविवारी आपण त्याला शिकवतो की मोठ्या माणसाचं मन राखायचं असेल तर अंग द्यावं लागतं. सोमवारी व्हॅनमध्ये त्याने याच्या उलट वागावं ही अपेक्षा कशी ठेवायची?

पापीच्या ऐवजी तीन पर्याय द्या: नमस्कार, टाळी, नुसतं ‘या काका’. निवड मुलाची. पाहुण्यांसमोर मूल अडलं तर आपण मध्ये पडायचं: ‘ती आज नमस्कार करणार आहे.’ पुढे स्पष्टीकरण नाही. आजी दुखावतेच; तिच्याशी आदल्या दिवशी वेगळं बोलून ठेवा. ‘तुम्हाला नाही म्हणायला शिकली तर दुसऱ्यालाही म्हणेल’ असं सांगितलं की बहुतेक आज्या पटकन समजतात, काही तर स्वतःच तालीम घ्यायला लागतात.

गुदगुल्या हा उत्तम सराव. मुलाने ‘थांब’ म्हटलं की त्या क्षणी हात काढायचे, ते खिदळत असलं तरी. ‘अजून’ म्हणालं तर पुन्हा. आठवडाभरात त्याला कळतं की आपल्या शब्दाने मोठ्या माणसाचा हात थांबतो. आणि मग ते उलटंही चालवायचं: धाकट्या भावाने ‘नको’ म्हटलं की याने थांबायचं.

‘नको ना’

मराठी मूल नकार देतं ते असं: मान खाली, ओठांवर कसनुसं हसू, आणि ‘नको नाऽऽ काका’. या ‘ना’ने घोटाळा होतो. ‘ना’ लागला की नकाराची विनवणी होते, आणि विनवणीला ‘असं काय करतेस, ये इकडे’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून सरावात पहिल्यांदा ‘ना’ काढायचा. ‘नको.’ पुढे पूर्णविराम.

‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ या शिकवणीचं काय, ही शंका प्रत्येक घरात येते. उत्तर आपल्या भाषेतच आहे. ‘काका, हात काढा.’ यात ‘अहो-जाहो’ शाबूत आहे आणि नकारही पक्का आहे. मुलाला मोठ्या माणसाला ‘तू’ म्हणायला लावू नका; ते त्याच्या जिभेवर येत नाही आणि ऐन वेळी घसा अडकतो. जी भाषा ते रोज बोलतं त्यातच नकार बसवा.

सराव असा. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, एक पाऊल मागे सरकून. हात छातीच्या उंचीवर, तळवा समोर. नजर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये, कारण थेट डोळ्यांत बघणं लहानांना जड जातं. आवाजाला पाच आकडे द्या: १ म्हणजे कुजबुज, २ घरातलं बोलणं, ३ वर्गात उत्तर देणं, ४ मैदानाच्या त्या टोकाच्या मित्राला हाक, ५ म्हणजे अख्खी बिल्डिंग गॅलरीत यावी. ‘नको’ ३ वर, ‘हात काढा’ ४ वर. ५ राखून ठेवायचा. एका वेळी दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा, पाच-सहा आठवडे. त्याहून लांबवलं की खेळाचा तास होतो आणि मूल कंटाळतं.

काय चुकतं? मूल ‘नको’ म्हणतं आणि हसतं; ते अवघडल्याचं हसू असतं, रागावू नका, आरशासमोर तेच वाक्य तीनदा म्हणायला लावा. ‘सॉरी काका’ने सुरुवात करतं, सॉरी कापा. कारण द्यायला लागतं, ‘नको, मला अभ्यास आहे’, मग समोरचा ते कारण खोडून काढतो. कारण द्यायचंच नाही, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. वर्गात डबा ओढणाऱ्या, बॉलपेन ‘एक मिनिट दे’ म्हणून ढापणाऱ्या मुलांपुढेही हेच: तेच वाक्य दोनदा, मग तिथून निघून बाईंकडे. आणि तिथे ‘चुगली करतोस?’ म्हणून कुणी चिडवलं तर चिडवू दे. बाईंना मात्र पालकसभेत सांगून ठेवा की मुलाला सांगायला शिकवतोय, म्हणजे त्या ‘आपापसात मिटवा’ म्हणणार नाहीत.

‘मी आईला सांगेन’ हे वाक्य मात्र एकट्या जागी म्हणायचं नाही. माणूस बिथरतो, धमकावतो. तिथून सटकायचं कसं, हे शिकवा: ‘शू लागली’, ‘आई हाक मारतेय’, काहीही. इथे खोटं बोललेलं चालतं, हे मुलाला शब्दांत सांगा, कारण एरवी आपण खोट्यावरून ओरडत असतो.

आणि हेही तेवढंच स्पष्ट सांगा की कधी कधी आवाज फुटतच नाही, अंग गोठतं. मोठ्यांचंही होतं. ओरडता आलं नाही तरी चूक त्याची नाही, नंतर सांगितलं तरी चालतं, कितीही दिवसांनी. हे न सांगता सराव घेतला तर सराव झालेलं मूलच जास्त गप्प बसतं: ‘शिकवलं होतं, तरी मला जमलं नाही.’

पाच नंबरचा आवाज

रस्त्यात मूल नुसतं किंचाळलं, हात झटकू लागलं तर लोक वळून बघतात आणि पुढे जातात. वाटतं, खेळण्यासाठी हट्ट चाललाय. तेव्हा लोकांना काय चाललंय ते कळेल असं वाक्य हवं: ‘हे माझे बाबा नाहीत!’ मुंबईत हेच हिंदीतही पाठ हवं: ‘ये मेरे पापा नहीं हैं!’ एकाच दमात, न थांबता, तीनदा. मग जवळच्या एखाद्या बाईला घट्ट धरायचं. सराव गच्चीत किंवा चौपाटीवर करा, आणि गच्चीत करणार असाल तर आधी शेजाऱ्यांना सांगा. नाहीतर खरंच धावून येतात, आणि दुसऱ्या वेळी येत नाहीत.

परवलीचा शब्द

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्ते आणि लोकल ठप्प झाल्या आणि असंख्य मुलं शाळांतच अडकली. एवढं टोकाचं दरवर्षी होत नाही, पण शाळा दोन तास आधी सोडली आणि आई गाडीत अडकली हे प्रत्येक पावसाळ्यात होतं. अशा वेळी मुलाला घ्यायला भलताच कुणी जातो. ‘आईने पाठवलंय’ हे कुणीही म्हणू शकतं. म्हणून घरचा एक शब्द ठरवा. तो रोज बोलण्यात येणारा नको, मुलाच्या आवडीचाही नको (आवडीचं कुणालाही ओळखता येतं); ‘वाटली डाळ’ चालेल. घ्यायला आलेल्याने तो स्वतःहून सांगायचा, मुलाने ‘शब्द माहितीये का, डाळ आहे ना?’ असं विचारायचं नाही. सहा वर्षांखालची मुलं नेमकं हेच करतात, त्यामुळे त्यांच्यासाठी शाळेकडे दिलेली नावांची यादीच खरी.

एकदा वापरला की शब्द बदला. महिन्यातून एकदा परीक्षा घ्या: शेजारच्या काकूंना शब्द न सांगता पाठवा. मूल गेलं तर ओरडू नका, पुन्हा सराव. शब्द विसरण्यात पहिला नंबर मुलांचा नाही, बाबांचा असतो. त्यांचीही परीक्षा घ्या.

हरवलं तर

लालबागच्या रांगेत, जत्रेत, दादरच्या पुलावर मुलाचा हात सुटायला एक क्षण पुरतो. नियम: जिथे कळलं की आई दिसत नाही, तिथेच थांब. शोधायला जायचं नाही; दोघंही शोधत फिरले की चुकामूक होते. ‘आई’ अशी हाक मारली तर पन्नास बाया वळतात, म्हणून आईचं नाव आणि आडनाव ५ नंबरच्या आवाजात. मदत मागायची ती जागा सोडून न जाणाऱ्या माणसाकडे: गणवेशातला पोलीस, तिकीट खिडकी, काउंटरमागचा दुकानदार, किंवा लेकरं बरोबर असलेली बाई.

आपण करायचं ते: घरातून निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला मुलाचा फोटो काढा. गोंधळात शर्टाचा रंग हमखास चुकतो. मोबाइल नंबर बॉलपेनने हाताच्या आतल्या बाजूला लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसला जात नाही. नंबर पाठही हवा. चार वर्षांच्या मुलाला तो चालीवर, तीन-तीन-चार अशा तुकड्यांत दोन आठवड्यांत येतो. दप्तरावर मोठ्या अक्षरांत नाव नको. नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. नाव आतल्या बाजूला लिहा.

लोकलचा नियम वेगळा आहे आणि तो घरीच, फरशीवर खडूने फलाट आखून शिकवावा लागतो. आई गाडीत, मूल फलाटावर: मुलाने हलायचं नाही, आई परत येते. मूल गाडीत, आई फलाटावर: मुलाने शेजारच्या बाईला ‘माझी आई खाली राहिली’ असं सांगायचं, गाडी पुढे जिथे थांबेल तिथे शक्यतो तिच्याबरोबर उतरायचं आणि उतरल्या जागीच उभं राहायचं. सुटलेल्या गाडीतून उडी नाही, कधीच नाही. मोठ्यांकडून इथे एक चूक होते: गाडी स्लो होती की फास्ट हे आठवत नाही. पश्चिम रेल्वेवर दादरहून उत्तरेकडे स्लो गाडीचं पुढचं स्टेशन माटुंगा रोड, फास्टचं वांद्रे. चुकीच्या फलाटावर अर्धा तास जातो. मूल बरोबर असताना चढण्याआधीच इंडिकेटर वाचून मोठ्याने म्हणायची सवय लावा. मुलालाही पाठ होतं. रेल्वे पोलिसांचा नंबर १५१२.

दार, लिफ्ट, फोन

घरी एकटं असताना लाकडी दार उघडलं तरी जाळीचं उघडायचं नाही. ‘आई कुठेय?’ला ‘आई नाहीये’ हे उत्तर नाही. ‘तिला आत्ता येता येत नाही, पार्सल वॉचमनकडे ठेवा.’ मोठ्या सोसायट्यांत गेटवरून फोन येतो म्हणून मुलांना वाटतं की वर आलेला प्रत्येक जण तपासून पाठवलाय. तसं नसतं. लिफ्टमध्ये कुणाबरोबर जावंसं वाटलं नाही तर ‘काहीतरी विसरलो’ म्हणून बाहेर थांबायचं. आत असताना बटणांजवळ, पाठ भिंतीला. कसंतरी वाटलं की पुढच्या दोन-तीन मजल्यांची बटणं दाबून पहिलं दार उघडेल तिथे उतरायचं.

गेममधल्या चॅटवर फोटो मागणारा, पत्ता विचारणारा किंवा ‘हे आपल्यातच ठेव’ म्हणणारा भेटला तर मुलाने उत्तर द्यायचं नाही, पुसायचंही नाही; फोन आहे तसा आपल्याकडे आणायचा. तो आणण्याचं बक्षीस ‘आजपासून फोन बंद’ असं असेल तर पुढच्या वेळी तो येणार नाही.

गुपित आणि गंमत

बाबांच्या वाढदिवसाचा केक लपवला, ही गंमत. तिला तारीख असते, त्या दिवशी ती फुटते आणि सगळे हसतात. ज्याला तारीख नाही आणि जे सांगायचंच नाही ते गुपित, आणि मोठ्या माणसाने दिलेलं गुपित आपल्या घरात चालत नाही. हा फरक मे महिन्याआधी पक्का करा. गावी दहा-पंधरा मुलं एका रांगेत झोपतात, लग्नाच्या हॉलमध्ये कोण कुणाकडे आहे याचा पत्ता नसतो. आपल्या मुलाचं अंथरूण आपल्या हाताच्या अंतरावर घाला. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे.

मुलाला सांगता येईल अशी पाच माणसं बोटांवर मोजून घ्या, आणि त्यातलं एक तरी घराबाहेरचं असू दे. पाचवं बोट १०९८ चं, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनच्या नंबरचं. ही चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. नंबर मोफत आहे, मूल स्वतः लावू शकतं. पोलिसांसाठी ११२, आणि मुंबई पोलिसांची महिला-मुलांसाठीची हेल्पलाइन १०३.

मुलाने सांगितलं तर

मूल बहुतेक वेळा भलत्याच क्षणी सांगतं: कुकरची शिट्टी वाजत असताना, अर्धवट. ‘मला त्या सरांकडे नाही जायचं.’ गॅस बंद करा, खाली बसा. म्हणायची वाक्यं तीन: ‘बरं केलंस सांगितलंस. चूक तुझी नाही. आता मी बघते.’ ‘तू गेलासच कशाला’, ‘आधी का नाही बोललीस’, ‘नक्की ना?’ ही वाक्यं गिळायची. खोदून विचारायचं नाही. ‘मग काय झालं?’ एवढंच, आणि त्याचे शब्द त्याच्याच भाषेत तारीख-वेळेसकट लिहून ठेवायचे. आजोबा, काका, शेजारी अशा चौघांसमोर पुन्हा वदवून घेऊ नका. पुन्हा पुन्हा सांगताना तपशील सरकतात, आणि पुढे तेच मुलाच्या विरोधात वापरलं जातं.

घटना नुकतीच असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट होऊन खराब होतात. रुग्णालयात ७२ तासांच्या आत जायलाच हवं, कारण एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं त्यानंतर उपयोगी पडत नाहीत. जितक्या लवकर तितकं बरं. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची रुग्णालयं चोवीस तास उघडी असतात. खाजगी रुग्णालयालाही अत्याचार झालेल्या मुलावर मोफत प्रथमोपचार करावेच लागतात; ‘आधी एफआयआर आणा’ म्हणता येत नाही.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीवरून परत पाठवता येत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांना लागू आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याकडून, गणवेशाशिवाय, आणि त्याचा विश्वास असलेलं माणूस शेजारी बसवून. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. आणि माहीत असून न कळवणं हा मोठ्यांसाठी गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘घरची अब्रू’ हे कारण कायद्यात नाही.

मुलाचं नाव, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही छापायला या कायद्याने बंदी आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सी विंगमधल्या अमक्यांच्या मुलीबद्दल’ असा मेसेज हळहळ म्हणून फिरतो, पण तोही ओळख उघड करतोच; दिसला की टाकणाऱ्याला फोन करून लगेच काढायला लावा. वर्गशिक्षिकेला मुलाला सध्या सांभाळून घ्यायचंय एवढं कळलं तरी पुरतं. दुसऱ्या दिवशीचा डबा, खेळायची वेळ, झोपताना गोष्ट रोजच्यासारखीच ठेवा, आणि गोष्ट मध्येच थांबवून मूल काही बोलू लागलं तर बोलू द्या.